थांबायचं कधी, ते सांगा

मी गणिताची बाई. कुणाचं उगाच कौतुक करायची मला सवय नाही. आमच्या पीटीच्या सरांचं कौतुक करायला तर मी मुळीच बसलेली नाही. या माणसाच्या पायी माझा नववीच्या चाचणीचा गठ्ठा चहात भिजला. याच माणसाच्या पायी भर उन्हात, हातात डस्टर घेऊन, मला भवानी पेठेतून पळावं लागलं. सगळी पेठ बघत होती. भाजीवाली अजून विचारते, "मॅडम, त्या दिवशी चोर सापडला का?"

तरीही कुणी संगणक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे संगणक येत नाही. काळ्या दोरीला बांधलेली एक पितळी शिट्टी येते, आणि शिट्टीच्या मागे ते. उंच, वाळलेले, कानावर केस, पायात खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. गाव सांगोल्याकडचं, घरची मेंढरं. तीस वर्षं सोलापुरात काढली, पण जिभेवरून सांगोला काही उतरला नाही.

शाळेला दहा संगणक मिळाले तेव्हा शिकवायला माणूस मिळाला नव्हता. हेडसरांनी मीटिंग घेतली आणि विचारलं, "कुणाचे तास सगळ्यात कमी आहेत?" आम्ही सगळ्यांनी पीटीच्या सरांकडे बघितलं. इतकी एकजूट स्टाफरूममध्ये मी पुन्हा कधी पाहिली नाही. सरांची जागा आधीच अतिरिक्त ठरली होती. म्हणजे आज ना उद्या कुठल्या तरी दुसऱ्या शाळेत त्यांची रवानगी व्हायची होती. त्यामुळे नाही म्हणायची सोय त्यांना नव्हती. ते दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले. आम्ही पाठीमागे पोट धरून हसलो. जन्मभर "सावधान-विश्राम" केलेला माणूस आता प्रोग्रॅम लिहिणार म्हणे!

अकराव्या दिवशी ते स्टाफरूममध्ये आले ते थेट माझ्या टेबलापाशी.

"बाई, घावला!"

"कोण घावला?"

"तीस वर्षं जे पोरगं हुडकत हुतो, ते घावलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. "तीस वर्षं मी 'दहिने मुड' म्हणतोय. चाळीसातली सहा डावीकडं वळत्यात. दोन खाली बसत्यात. एक घरी जातंय. आन हे यंत्र बघा! सांगंल तेच करतंय. पाय दुखतोय म्हणत न्हाय, आजी वारली म्हणत न्हाय. डोकं न्हाय, पण आज्ञाधारक लई!"

"मग प्रोग्रॅमिंग म्हणजे काय शिकलात?"

"पीटीच की ओ. फक्त बसून करायची."

त्या दिवसापासून सरांना जो आजार जडला तो जडलाच. जगात चुका होतात त्या ऐकणाऱ्यामुळे नाही, सांगणाऱ्यामुळे होतात, असं त्यांचं ठाम मत झालं. "यंत्र चुकत न्हाय, सांगणारा चुकतो," हे एक वाक्य. आणि दुसरं, कुणीही काहीही काम सांगितलं की त्यांचा लगेच प्रश्न असे, "थांबायचं कधी, ते सांगा." हेडसर म्हणाले, "सर, जरा पोरांवर लक्ष ठेवा." "ठेवतो. थांबायचं कधी, ते सांगा." हेडसरांनी कपाळाला हात लावला. त्यांचा तो हात पुढची दोन वर्षं फारसा खाली आला नाही.

सरांच्या घरच्या, आमच्या वहिनी, एकदा मला बाजारात भेटल्या. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. "बाई, ह्यास्नी काय तरी सांगा तुमी. मी भाकरी थापतीया आन हे चुलीपाशी उभारून हुकूम सोडत्यात. थाप. तव्यावर टाक. पाणी फिरव. फुगली का? न्हाय फुगली तर थांब. फुगली तर पलट. तीस वर्षं भाकरी करतीया मी, एकदा तरी न सांगता कच्ची ऱ्हायली का?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? म्हनलं, तुमचा हुकूम लई चांगला हाय, आता तुमीच थापा. दोन दिस झाले, घरात भाकरीच न्हाय."

शाळेतल्या चहाचीही हीच गत. आमचे शिपाई मामा बेरकी माणूस. सरांनी एके दिवशी त्यांना पायरी पायरीने सांगितलं, "मामा, कप सरळ धरा. किटली वाकडी करा. चहा ओता." मामांनी ओतला. कप भरला. मामा ओततच राहिले. बशी भरली. टेबल भरलं. टेबलावर माझे पेपर होते, नववी ब, दोन दिवस खपून तपासलेले.

"मामा! डोळे फुटले का?" मी ओरडले.

मामा शांतपणे किटली तशीच धरून म्हणाले, "थांबायचं सर म्हनलं नाहीत की."

मला वाटलं सर आता मामांना झापतील. कसलं काय! सरांनी मामांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शाब्बास! सबंध स्टाफात तुमी एकटेच यंत्र समजला." नववी बचे गुण मी पिवळ्या पडलेल्या कागदांवरून अंदाजाने मांडले. अंदाजाने मांडलेल्या गुणांत वर्ग पास झाला, हे मात्र तुमच्यापुरतंच ठेवा.

आमच्याकडे पाहुण्याचा मान हारापेक्षा टॉवेलाचा. निम्म्या पोरांच्या घरी कुणी ना कुणी टॉवेलाच्या मागावर नाहीतर शिलाईवर, त्यामुळे गॅदरिंगला पाहुण्याच्या खांद्यावर नवा कोरा टॉवेल टाकायचा, हा शाळेचा रिवाज. त्या वर्षी हेडसरांनी ते काम सरांकडे दिलं. गडबडीत म्हणाले, "दारात उभे राहा आणि येईल त्याच्या खांद्यावर टॉवेल टाका." झालं! सर दारात उभारले. मंडपवाला आला, टॉवेल. लाऊडस्पीकरवाला आला, टॉवेल. पोरीचा विसरलेला डबा द्यायला आलेली एक आई, टॉवेल. पाण्याचा टँकरवाला होज तसाच हातात धरून टॉवेल घेऊन गेला, आणि हे असं फुकट मिळतंय हे कळल्यावर पुन्हा आला, पुन्हा टॉवेल. मी लांबून हातवारे करून बंद करा म्हणत होते, तर त्यांनी मलाच जवळ बोलावून माझ्याही खांद्यावर एक टाकला. प्रमुख पाहुणे आले तेव्हा सरांपाशी उरला होता फक्त रिकामा खोका. सरांनी पाहुण्यांना नमस्कार केला आणि खोका दाखवला.

हेडसर लालबुंद झाले. "अहो, पाहुण्याला ठेवायचा ना एक!"

"येईल त्याला म्हनलात तुमी. कोण पाहुणा, आन थांबायचं कधी, दोन्हीबी सांगितलं न्हाय. सांगणारा चुकला, सर."

शेवटी टँकरवाल्याचा दुसरा टॉवेल परत मागून पाहुण्यांच्या खांद्यावर टाकला. ओला होता. पाहुणे भाषणभर खांदा उडवत होते.

हसू येतं हे सगळं सांगताना. पण माणूस वर्गात काय करत होता, ते ऐका.

दहा संगणक होते, पण लाईट असेल तेव्हा ना. शाळेत इन्व्हर्टर एकच, आणि तो हेडसरांच्या पंख्याला. संगणकांना आठवीतल्या रेणुकेच्या आईने खराब निघालेल्या टॉवेलांची झाकणं शिवून दिली होती. ते दहाजण खोलीत टॉवेल पांघरून बसायचे, नुकतेच न्हालेले दिसायचे. लाईट गेली की सर आठवीला मैदानात काढायचे आणि म्हणायचे, "यंत्र झोपलंय. आता तुमी यंत्र." एक पोरगं डबा व्हायचं, म्हणजे खरोखर जेवणाचा डबा घेऊन उभं राहायचं. प्रोग्रॅममध्ये आकडा ज्यात ठेवतात तो हा डबा. डब्यात पाच शेंगा. दुसऱ्याने हुकूम वाचायचा, "डब्यात शेंग हाय तोवर मैदानाला चक्कर मार. एक चक्कर, एक शेंग कमी." पहिल्या दिवशी दोन चकरांतच डबा रिकामा.

"तीन शेंगा गेल्या कुटं?"

डबा झालेलं पोरगं आभाळाकडे बघतंय. ओठाला टरफल.

"यंत्रातला डबा शेंगा खातो का रं?"

त्यानंतर शेंगांऐवजी चिठ्ठ्या आल्या. आणखी एका दिवशी सर 'चिठ्ठी कमी कर' हे सांगायलाच विसरले. पळणारं पोरगं पळतच राहिलं. मी वरच्या वर्गात त्रैराशिक शिकवत होते आणि खिडकीतून दर मिनिटाला तेच पोरगं जाताना दिसत होतं. घंटा झाली तरी पळतंय. सर कौतुकाने बघत उभारलेले, "बघा बाई! मशीन!" मी खिडकीतून असं काही ओरडले की अख्खं मैदान थांबलं. माझ्या आवाजाचा शाळेत दरारा आहे.

आठवीच्या या यंत्रात एक स्क्रू सैल होता. रेणुका. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दोन्हींत अखंड एकच प्रश्न. "पण का?" सर म्हणायचे, "डावीकडं वळ." ती म्हणायची, "पण का सर?" "यंत्र 'पण का' विचारत न्हाय!" "पण का विचारत न्हाय सर?" सरांना पोर आवडत होती, पण वैतागायचे. "ह्या एका पोरीपायी माझं यंत्र अडकतंय बाई," असं म्हणत ते स्टाफरूमला यायचे. मी म्हणायची, "मला सांगताय?" माझ्या तासालाही ती तशीच. अपूर्णांकाचा भागाकार, दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचा. "पण का मॅडम?" मी म्हणाले, "नियम आहे. बस खाली." बसली बिचारी. या एका बाबतीत सरांचं आणि माझं मत एक होतं.

आणि मग ते पत्र आलं. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार. संगणक विषय नुसता कागदावर आहे असं आढळलं तर दहाही संगणक वैरागच्या एका शाळेला द्यायचे, आणि त्यांच्याबरोबर अतिरिक्त शिक्षक म्हणून सरांनाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. हेडसरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा सर हसले, म्हणाले, "यंत्राबरोबर मीबी टेम्पोत. टॉवेल पांघरून बसतो." आम्ही हसलो.

पण संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते संगणकाच्या खोलीत एकटेच बसलेले मला दिसले.

"घरी जायचं नाही का सर?"

"जातो की." उठले मात्र नाहीत. "बाई, तीस वर्षं माझ्या तासाला पोरं चिठ्ठ्या आणायची. पाय मुरगळलाय, पोटात दुखतंय, सरांनी तास माफ करावा. आता घंटा झाली तरी उठत न्हाईत. सर, अजून एक चक्कर, म्हणत्यात. पहिल्यांदा माझ्या तासाला पोरं थांबायला लागलीत, आन आता मलाच जायचं."

मी म्हणाले, "तपासणीच्या दिवशी लाईट असू दे म्हणजे झालं." ही माझी सांत्वन करायची पद्धत.

तपासणीच्या दिवशी साहेब अकराला आले. लाईट साडेदहाला गेली.

साहेब म्हणजे बुटके, भरलेले, काखेत फाईल, बोलणं खात्याच्या पत्रासारखं. टॉवेल पांघरलेले संगणक बघून म्हणाले, "सदर यंत्रे कार्यरत आहेत का?" हेडसरांचा हात कपाळाला. सर म्हणाले, "ही झोपल्यात साहेब. चालू हायत ती मैदानात हायत. चला."

मैदानात आठवीची बत्तीस पोरं आडव्या रांगेत. ऊन मी म्हणत होतं. सरांनी नियम सांगितला, "शिट्टी वाजली की उजवीकडच्याकडं बघायचं. तो तुझ्यापेक्षा बुटका असला तर जागा बदल. न्हाय तर गप उभार." शिट्टी वाजत गेली, पोरं सरकत गेली, आणि पाहता पाहता कुणी कुणाला मापलं नाही तरी रांग उंचीप्रमाणे लागली. मीसुद्धा खिडकीत तोंड उघडं टाकून बघत होते. माझा सहावीचा वर्ग माझ्या काखेतून बघत होता.

साहेब म्हणाले, "यात संगणक कुठे आहे?"

"हेच की साहेब. पटत नसलं तर तुमी बी उभारा रांगेत. यंत्र साहेब बघत न्हाय."

साहेब का उभारले कोण जाणे. बहुतेक तिथे सावली नव्हती आणि रांगेच्या उंच टोकाला झाडाची थोडी सावली पडली होती. ते त्या टोकाला जाऊन उभारले. शिट्टी. शेजारच्या पोराने साहेबांकडे बघितलं, जागा बदलली. शिट्टी. पुढच्याने बघितलं, जागा बदलली. साहेब सरकत सरकत बुटक्या टोकाकडे चालले. हेडसर पांढरे पडले. शेवटी साहेब थांबले ते शेवटून पाचवे, आणि त्यांच्यापुढे बारा-तेरा वर्षांचं एक पोरगं. साहेब टाचा उंचावून उभारले होते असंही मला वरून दिसलं, पण मी बोलणार नाही.

"आता दुसरा प्रोग्रॅम," सर घाईने म्हणाले. हेडसरांनी त्यांना चिमटा काढला असावा. "साहेब पुढं. सगळ्यांनी साहेबांच्या मागं एक रांग करा. नियम एकच, पुढचा जाईल तिकडं जायचं. थांबला तर थांबायचं. बोलायचं न्हाय. मेंढरांवानी." साहेबांच्या बरोबर मागे रेणुका. सरांनी शिट्टी फुंकली, आणि तेवढ्यात वर्गावर्गांतून एकच आरोळी उठली, "लाईट आली!"

सर पळाले. साहेबांना दाखवायला दहा संगणक चालू करायचे होते ना! बूट फटफटवत ते खोलीत शिरले. शिट्टी गेली त्यांच्याबरोबर. थांबायचं कधी, ते ते सांगून गेले नाहीत.

साहेब चालू लागले आणि त्यांचा फोन वाजला. "हॅलो... आवाज येत नाही... हां, बोला..." असं म्हणत ते फोन कानाला लावून, रेंज शोधत, फाटकाकडे निघाले. आपण प्रोग्रॅममध्ये आहोत हे ते साफ विसरले. फाटकाबाहेर पडले. मागून बत्तीस पोरं, एकाच पावलात, तोंडाला कुलूप. शिपाई मामांनी फाटकात अदबीने सलाम ठोकला आणि मिरवणूक भवानी पेठेत उतरली.

मी हातातलं डस्टर तसंच घेऊन जिना उतरले आणि त्यांच्या मागे पळाले. पेठेत लोक दुकानांतून बाहेर आले होते. एक म्हातारबा पोरांना विचारत होता, "कुणाची मिरवणूक रं?" पोरं बोलायला बंदी म्हणून नुसती बघत पुढे चालली. टॉवेलाच्या दुकानदाराने साहेबांना हात जोडले, साहेबांनी फोनवर बोलत बोलत मान हलवली. कुणीतरी मागून बोललं, "निवडणूक लागली वाटतं." साहेब "नाही नाही, फाईल वरच आहे" असं फोनवर म्हणत कोपऱ्यापर्यंत पोचले आणि समोरच्या चहावाल्याकडे जायला रस्ता ओलांडू लागले.

आणि सुताच्या गठ्ठ्यांनी खच्चून भरलेला टेम्पो वळणावरून आला.

साहेब पलीकडे पोचले होते. मागे एकतीस पोरांची रांग, आणि तिच्या तोंडाशी रेणुका. पुढचा जाईल तिकडं जायचं. मी ओरडायला तोंड उघडलं. ज्या आवाजाचा शाळेत दरारा आहे तो आवाज बाहेर आलाच नाही, आईशपथ.

रेणुका थांबली. रस्त्याच्या कडेला, जागच्या जागी. हात आडवा केला. मागचा थांबला, त्याच्या मागचा थांबला, शेवटपर्यंत सगळी थांबली. टेम्पो धूळ उडवत गेला.

सर तेवढ्यात पोचले. संगणक चालू करून मैदानात आले तर मैदान रिकामं. धावत आले होते, एका पायात बूट नव्हता, शिट्टी ओठांत, पण फुंकायला दम नव्हता. टेम्पो आणि थांबलेली रांग त्यांनी लांबून बघितली होती.

"कुणी थांबवलं?"

"मी सर," रेणुका म्हणाली. आता आपल्याला ओरडा बसणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. नियम मोडला होता.

"मी थांब म्हनलो हुतो का?"

"न्हाय सर."

"मग?"

"टेम्पो येत हुता की सर."

सर फुटपाथवर बसले. बसले म्हणजे बसलेच, पाय पसरून, लहान पोरासारखे. आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, मी सांगितलंच न्हवतं. थांबायचं कधी, ते मीच सांगायचं विसरलो." आणि चक्क रडायला लागले. बत्तीस पोरं रांग न मोडता बघत होती. त्यांना बोलायला बंदी होती, ती कुणी उठवलीच नव्हती. शेवटी मीच नाक पुसत म्हणाले, "बोला रे, बोला आता!" आणि पेठेत एकच कल्ला झाला.

साहेबांनी रस्त्यापलीकडून फोन खाली केला आणि पहिल्यांदाच मागे वळून बघितलं.

शाळेत परत आलो तर लाईट गेलेली. दहाही यंत्रं काळीठिक्कर. सरांनी मुकाट्याने एकेकाला टॉवेल पांघरले. साहेबांनी शेरेबही मागवली, बराच वेळ लिहिलं. जाता जाता रेणुकेला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मी त्या मुलाच्या मागेच होतो का? नक्की?" ती म्हणाली, "तो दोन बोटं उंच हाय साहेब." साहेब मान हलवून गेले.

हेडसरांनी एका हाताने शेरेबही उघडली, दुसरा कपाळाला. शेरा असा होता: "संगणक दहा. तपासणीवेळी चालू, एकही नाही. विद्यार्थी बत्तीस. तपासणीवेळी चालू, सर्व. पैकी स्वतःच्या डोक्याने थांबणारी, एक. सदर विषय व शिक्षक याच शाळेत ठेवावेत."

हेडसरांचा हात कपाळावरून खाली आला. तसा तो खाली आलेला मी त्या दिवशीच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी संगणकाच्या खोलीच्या दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, "काय करायचं? थांबायचं कधी? पण का?" तिसरा प्रश्न सगळ्यात मोठा. रेणुका नुसती हसली. सर म्हणाले, "हसू नको. ह्यातलं शेवटचं ह्या दहाबी यंत्रांना जमत न्हाय. तेवढं तुलाच जमतंय, तवा ते सोडू नको."

मी घरी गेले आणि पोळपाटावर एक भाकरी ठेवून तिचे तुकडे करत बसले. एका भाकरीत अर्ध्या अर्ध्या किती? दोन. पाव पाव किती? चार. म्हणजे पावाने भागलं की चाराने गुणल्यासारखंच होतं की. इतकी वर्षं "उलटा करून गुणा" म्हणत आले. का, ते मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. लाज वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात भाकरी घेऊन गेले. भाकरी पोरांनी खाल्ली, पण भागाकार कळला.

दोन वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाचं सगळं दहावीने अंगावर घेतलं होतं, आणि दहावीचं सगळं रेणुकेने. सरांना खुर्चीत बसवलं. फळ्यावर एकच ओळ होती: "दारातून येईल त्याने सरांच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा." प्रत्येकाने घरून एकेक आणला होता. आठवी आली, नववी आली, वहिनी आल्या, हेडसर आले. टॉवेल टाकून मागच्या दाराने बाहेर पडलेली पोरं वळसा घालून पुन्हा पुढच्या दारात. मामा सरांच्या खुर्चीमागून तळातले टॉवेल ओढून काढत आणि मागच्या दारात रांगेला पुन्हा वाटत. सर आधी खांद्यापर्यंत बुडाले, मग हनुवटीपर्यंत, मग नुसते डोळे आणि कानावरचे केस राहिले.

टॉवेलांच्या आतून आवाज आला, "अगं रेणुके, थांबायचं कधी, ते लिहायचं ऱ्हायलं की!"

"ऱ्हायलं न्हाय सर," रेणुका म्हणाली. "लिहिलंच न्हाय."

शिट्टी त्यांच्या गळ्यातच होती, टॉवेलांच्या खाली. एक फुंकर मारली असती तर सगळी जागच्या जागी थांबली असती. त्यांचा हात शिट्टीपर्यंत गेला, हे वरचे टॉवेल हलले त्यावरून मला कळलं. तिथेच राहिला.

मी तिसऱ्यांदा रांगेत जाऊन उभारले.